चौतीस पानांचं पुस्तक

रेकॉर्डसाहेबांनी पुस्तक लिहिलं, तोवर कुणाची काही तक्रार नव्हती. भानगड सुरू झाली ती त्याची पानं पाडायची वेळ आली तेव्हा.

रेकॉर्डसाहेब हे त्यांना इमारतीने दिलेलं नाव. एका मोठ्या कचेरीत जुन्या फायली जिथं कायमच्या झोपायला येतात, त्या खोलीत त्यांनी चौतीस वर्षं काढली होती, आणि त्या चौतीस वर्षांत त्यांच्या ताब्यातून एकही पान गहाळ झालं नव्हतं. ही गोष्ट ते स्वतःच दर दोन दिवसांनी सांगत असल्यामुळे सर्वांना पाठ होती. प्रत्येक पानाच्या उजव्या कोपऱ्यात लाल शाईने क्रमांक हवा आणि प्रत्येक खाडाखोडीखाली सही हवी, या दोन गोष्टींवर त्यांची श्रद्धा होती. बाकीच्या बाबतीत ते तसे मोकळ्या मनाचे होते. निवृत्त झाल्यावर फायली सुटल्या, पण हाताची सवय सुटेना. विजेचं बिल आलं, घाल क्रमांक. डॉक्टरांची चिठ्ठी आली, घाल क्रमांक. एकदा परगावच्या लेकीचं चार पानी पत्र आलं, तर वाचायच्या आधी त्यांनी चारी पानांना लाल क्रमांक घातले. वहिनी म्हणाल्या, "अहो, लेकीचं पत्र आहे ते, खटला नव्हे." वहिनी म्हणजे त्यांची बायको, सगळी इमारत त्यांना वहिनी म्हणायची, म्हणून आपणही तेच म्हणू.

तर झालं असं, की इमारत पाडून नवी बांधायचं ठरलं. चार मजले, सोळा घरं. कुणी भावाकडे जाणार, कुणी भाड्याच्या जागेत, आणि दोन-तीन घरं तर परत येणारच नव्हती. सोमवारपासून सामान हलायचं होतं. त्याच्या आदल्या रविवारी संध्याकाळी गच्चीवर सगळ्यांनी शेवटचं एकत्र जमायचं ठरलं. रेकॉर्डसाहेबांच्या मनाला ही गोष्ट फार लागली होती. फाईल सुटली की कागद कुठे कुठे जातात, हे त्यांनी आयुष्यभर पाहिलं होतं. म्हणून त्यांनी मनाशी घेतलं, की सोळाही घरं कायमची एकत्र राहतील असं काहीतरी त्या रविवारी प्रत्येकाच्या हातात द्यायचं. इमारतीचं पुस्तक!

चार महिने खपून त्यांनी ते लिहिलं. लिहिलं म्हणजे कचेरीत टिपण लिहितात तसं. परिच्छेद क्रमांक एक ते दोनशे बारा, तारीखवार, मध्ये कुठेही विसावा नाही. पाण्याची टाकी फुटली तो परिच्छेद चाळीस, सात नंबरला जुळं झालं तो एक्केचाळीस. वाचणाऱ्याला टाकी आणि जुळं यांचा काही संबंध असावा असं वाटे.

"यात श्वास कुठे घ्यायचा?" वहिनींनी विचारलं.

"परिच्छेदाच्या शेवटी."

"आणि चहाला कुठे उठायचं?"

याचं उत्तर रेकॉर्डसाहेबांकडे नव्हतं. शेजारच्या पंधरा नंबरमध्ये निवृत्त हेडमास्तर राहत. त्यांच्याकडे मात्र प्रत्येक गोष्टीचं उत्तर असे, कधी कधी प्रश्नाच्या आधी. त्यांनी वही चाळली आणि चष्मा काढून ठेवला.

"साहेब, मी यात कुठे आहे?"

"परिच्छेद सतरा, त्रेसष्ट व एकशे अठ्ठेचाळीस पाहावे."

"म्हणजे मला स्वतःला गोळा करत हिंडायला हवं! तसं नको. पुस्तकाला प्रकरणं हवीत. सोळा घरं, सोळा प्रकरणं. आणि प्रकरण नेहमी उजव्या पानावर सुरू झालं पाहिजे. डावीकडे सुरू होणारं प्रकरण म्हणजे मागच्या दारानं घरात शिरलेला पाहुणा."

रेकॉर्डसाहेबांना हे पटलं. प्रत्येक घराला एक कागद, म्हणजे दोन पानं. उजव्या पानावर घर सुरू, उलटलं की मागच्या पानावर संपलं. त्यांनी दोनशे बारा परिच्छेद कात्रीने कापले, सोळा पाकिटांत घातले आणि पुन्हा नव्याने लिहायला बसले. इथपर्यंत हे गुपित दोन घरांत होतं. हेडमास्तरांना ते कळलेलं असल्यामुळे दुसऱ्या दिवशी सकाळी ते सोळा घरांत होतं.

आता ज्या माणसांना चाळीस वर्षांत इमारतीच्या इतिहासाचं सोयरसुतक नव्हतं, ती माणसं जिन्यात थांबवून विचारू लागली, की आमचं पान कितवं. चौथ्या मजल्याचं म्हणणं पडलं, की तळमजला आधी का? इमारत खालून बांधतात हे खरं, पण पाणी वरून येतं. तीन नंबरच्या विमा एजंटांनी ओळी मोजल्या आणि चार नंबरला तीन ओळी जास्त निघाल्यावर, आपल्याकडे तीन ओळींचा मजकूर तयार असल्याचं सांगितलं. तो विम्याविषयी होता.

पण खरी हरकत आली ती चार नंबरच्या आत्यांकडून. आत्या एकट्या राहत, आणि तीन व चार यांच्यात चपलांच्या मांडणीवरून अकरा वर्षं अबोला होता. त्यांनी दोन्ही तळवे एकमेकांवर ठेवून रेकॉर्डसाहेबांना दाखवले.

"तीन नंबर डाव्या पानावर संपतो. समोर उजव्या पानावर आम्ही सुरू. बरोबर? मग पुस्तक मिटलं की त्यांचं पान आमच्या पानावर तोंड टेकून पडणार! वर्षानुवर्षं!"

"आत्या, कुणीतरी कुणाच्या तरी समोर येणारच."

"येईना का. पण तो माणूस नको."

हे प्रकरण सोसायटीच्या सेक्रेटरींपुढे गेलं. सेक्रेटरी पाच नंबरमध्ये राहत आणि घरातसुद्धा ठराव मांडून चहा मागत. ते म्हणाले, उद्या कुणी म्हणेल आमची बदनामी झाली, तेव्हा प्रत्येक घराची 'मजकुरास हरकत नाही' अशी चिठ्ठी घ्या. दोन प्रतींत. सोबत मजकूर जोडून. एक प्रत साहेबांकडे, एक घराकडे. दुसरा कुणी असता तर त्यानं कपाळाला हात लावला असता, पण रेकॉर्डसाहेबांचा ऊर भरून आला. अशी शहाणी मागणी करणारा माणूस त्यांना चौतीस वर्षांच्या नोकरीत भेटला नव्हता. त्यांनी आठवडाभर जिने चढून-उतरून पंधरा घरांच्या सह्या आणल्या. आत्यांनी 'सही करीत आहे, पण मनाने नाही' असा शेरा मारून केली. मग ते घरी आले आणि त्यांनी सोळावी चिठ्ठी बायकोपुढे ठेवली.

"मी कशाला? तुम्हीच लिहिलंय ना?"

"म्हणूनच. लेखकाची सही चालत नाही. सोळा नंबरतर्फे तू कर."

"वाचल्याशिवाय नाही करायची."

वहिनी कागद घेऊन खिडकीशी बसल्या. दोन पानं वाचायला त्यांना बराच वेळ लागला. वाचून झाल्यावर त्यांनी पदर डोळ्यांना लावला की चष्म्याला, हे रेकॉर्डसाहेबांना नीट दिसलं नाही. मग त्यांनी दोन्ही प्रतींवर सही केली आणि म्हणाल्या, "एक चूक आहे. अठ्ठावीस नाही, एकोणतीस वर्षं."

"रेकॉर्डप्रमाणे अठ्ठावीस."

"रेकॉर्ड तुमचं, वर्षं माझी."

"अठ्ठावीस," रेकॉर्डसाहेब म्हणाले, आणि आपली प्रत घेऊन उठले. दुसरी प्रत वहिनींनी कुठे ठेवली ते त्यांनी विचारलं नाही.

छापखाना बाजारामागच्या बोळात होता. छापखानेवाले मशीनच्या आवाजात आयुष्य गेल्यामुळे शांत खोलीतही ओरडूनच बोलत.

"किती पानं?"

"सोळा घरांची बत्तीस, आणि पुढे शीर्षकाचा एक कागद. चौतीस."

"नाही होत!"

"काय नाही होत?"

"चौतीस! आमच्याकडे पानं सुटी मिळत नाहीत, साहेब. एका मोठ्या कागदावर सोळा पानं छापतो. त्याला फॉर्म म्हणतात. दोन फॉर्म, बत्तीस. तीन फॉर्म, अठ्ठेचाळीस. मधलं नाही."

"मग दोन पानं छापायला..."

"चौदा पानं कोरी न्या! नाहीतर जाहिराती टाका, कविता टाका!"

रेकॉर्डसाहेब सर्द झाले, कारण सोबत हेडमास्तर होते. कविता हा शब्द ऐकताच हेडमास्तरांनी खिशातून घडी घातलेले कागद काढले. ते खिशात कसे होते हे विचारण्यात अर्थ नव्हता. ते नेहमीच असत. "चौदा पानं म्हणजे निवडक घ्याव्या लागतील," ते म्हणाले. त्यातली पहिली त्यांनी तिथंच म्हणून दाखवली. ती इमारतीच्या गंजलेल्या फाटकाविषयी होती आणि फाटकापेक्षा लांब होती.

घरी येऊन रेकॉर्डसाहेब विचारात पडले. चौदा पानं कवितेला दिली, तर लोक पुस्तक उघडणार नाहीत. शीर्षकाचा कागद काढावा, तर हेडमास्तरांनी आधीच बजावलं होतं, की शीर्षकपान नसलेल्या पुस्तकाला ते हात लावणार नाहीत. एखादं घर काढावं, तर प्रत्येकाची सही होती, दोन प्रतींत. पाकिटं मांडून ते बराच वेळ बसले. पंधरा घरांपैकी कुणालाही सांगता येणार नव्हतं, की तुमचं पान बसत नाही. सांगता येईल असं एकच घर होतं. आणि खरं म्हणजे तिथंही सांगता येणार नव्हतं, म्हणून त्यांनी सांगितलंच नाही. सोळाव्या पाकिटातला आपला कागद त्यांनी हळूच काढला, खणात उपडा घातला, आणि दुसऱ्या दिवशी छापखानेवाल्यांना जाऊन म्हणाले, "बत्तीस. प्रती चाळीस." वाटेत त्यांना आपण फार मोठं मन दाखवलं असं वाटत होतं. घरी वहिनींनी पोह्याची बशी पुढे करत "छापायला गेलं का हो आपलं?" असं विचारलं, तेव्हा मात्र त्यातलं 'आपलं' त्यांना जरा टोचलं.

छपाई शनिवारी दुपारी झाली. छापील कागदांचं भलंमोठं बोचकं एका वाया गेलेल्या कागदात गुंडाळून छापखानेवाल्यांनी त्यांच्या हाती दिलं. "बाइंडिंगवाल्या मावशी तुमच्याच रस्त्यावर आहेत, जाता जाता देऊन टाका. उद्या सकाळी पुस्तक तयार!" मावशींचं दुकान चार वाजेपर्यंत जेवणासाठी बंद होतं. रेकॉर्डसाहेब बोचकं घेऊन घरी आले. बोचकं घरात आणि ते उघडलं नाही, असं होणं शक्यच नव्हतं.

पहिला कागद जेवणाच्या टेबलावर पसरला आणि रेकॉर्डसाहेब त्यावर वाकून पान एक शोधू लागले.

खालच्या रांगेत पान चार, त्याच्या शेजारी तेरा, मग सोळा, मग एक. वरच्या रांगेत पाच, बारा, नऊ, आठ, आणि ही अख्खी रांग खाली डोकं वर पाय. एक नंबरचे डॉक्टर सहा नंबरच्या शिंपिणीला चिकटलेले, सेक्रेटरी डोक्यावर उभे. आणि तीन नंबर नि चार नंबर? खांद्याला खांदा लावून, दोघंही उलटे.

"अगं, सत्यानाश झाला!"

वहिनी आल्या, हेडमास्तर आले. हेडमास्तरांनी कागद सुलटा पाहिला, उलटा पाहिला, आणि चाळीस वर्षांच्या अधिकाराने सांगितलं, "हा धडधडीत निष्काळजीपणा आहे."

"छापखान्यात एकदा विचारून तर घ्या," वहिनी म्हणाल्या.

फोन लावला. तो वाजत राहिला, कारण तिकडे मशीन चालू होतं. तीनदा लावला. मग रेकॉर्डसाहेबांनी बाह्या सरसावल्या. विस्कटलेली फाईल पाहून घाबरणाऱ्यातले ते नव्हते. अशा हजार त्यांनी लावल्या होत्या. आधी पानं सुटी करायची, मग क्रमाने लावायची. ऐंशी कागद, एकेकाचे आठ तुकडे. दोघांनी पट्टी आणि ब्लेड घेतलं. हेडमास्तरांचा हात थोडा कापत असल्यामुळे त्यांचे तुकडे एका बाजूला निमुळते होत. त्यांनी पट्टीला दोष दिला. चार वाजून गेले, पाच वाजले, टेबल, दिवाण, खुर्च्या, शिलाईयंत्र, सगळीकडे पानांच्या चवडी लागल्या. सहाशे चाळीस कागद! पण प्रत्येक प्रतीत एक ते बत्तीस, मुंगी शिरायला जागा नाही असा क्रम. रेकॉर्डसाहेबांनी चाळीसही प्रती दोनदा तपासल्या. इतके कृतार्थ ते निरोपसमारंभालाही झाले नव्हते.

मावशींच्या दुकानात गठ्ठा ठेवताना त्यांनी जरा मोठ्यानंच सांगितलं, "छापखान्यानं घोळ घातला होता. मी निस्तरला."

मावशी साठीच्या होत्या. कागदाच्या घड्या घालून घालून त्यांच्या अंगठ्याचं नख चमच्यासारखं गुळगुळीत झालं होतं. त्यांनी वरची प्रत उचलली, कडेनं पाहिली, दुसरी उचलली.

"साहेब, हे कुणी कापलं?"

"आम्हीच. पानं उलटीसुलटी होती. एकाशेजारी सोळा!"

गठ्ठ्याला गुंडाळलेला तो वाया गेलेला कागद मावशींनी सोडवला. तोही तसाच छापलेला होता. त्यांनी तो पाटावर पसरला, मधोमध दुमडला आणि नखानं घडी दाबली. वळवला, पुन्हा दुमडला. पुन्हा वळवला, तिसऱ्यांदा दुमडला. मग कडा कापून छोटीशी वही रेकॉर्डसाहेबांच्या हातात दिली.

एक. दोन. तीन. चार. पाच. रेकॉर्डसाहेब पानं उलटत गेले. सगळी सुलटी, सगळी ओळीनं, थेट सोळापर्यंत. तीन घड्या! चौतीस वर्षं कागदात काढलेल्या माणसाला कागद दुमडून बघायचं सुचलं नव्हतं, कारण त्यांच्या कचेरीत कागद दुमडणं हा गुन्हा होता.

"मला शंका होतीच," हेडमास्तर हळूच म्हणाले.

"मावशी, आता?" रेकॉर्डसाहेबांचा आवाज उतरला होता.

"दोरा घडीतून जातो, साहेब. घडीच नाही तर शिवू कुठे? डिंकानं चिकटवलं असतं, पण कडा बघा ना, एक तिकडे जाते एक इकडे. उद्या संध्याकाळपर्यंत वाळायचंही नाही. उघडलं की पानं मांडीत."

गठ्ठा घेऊन ते परत निघाले. रस्ता तोच, पण लांब वाटला. उद्या गच्चीवर सोळा घरं जमणार, सगळ्यांना पुस्तकाचं माहीत आहे, आणि आपण काय देणार? सुट्या कागदांचे ढीग? सोळा घरं एकत्र ठेवायला निघालेल्या माणसानं स्वतःच्या हातानं त्यांचे तुकडे केले होते. कोपऱ्यावर स्टेशनरीचं दुकान लागलं. तिथं काचेआड जाड पुठ्ठ्याच्या फायली होत्या आणि वर खिळ्याला टॅगचे जुडगे लटकत होते, दोन्ही टोकांना पत्र्याच्या बोंड्या असलेले, हिरव्या दोऱ्याचे. रेकॉर्डसाहेब थांबले. जन्मभर ज्यानं पोट भरलं ते समोर टांगलेलं होतं.

रविवारी सकाळी चाळीस फायली तयार झाल्या. पंचिंग मशीननं भोकं पाडताना वाकड्या कडांमुळे काही ठिकाणी मजकुराचा बळी गेला. अकरा नंबरच्या आजींचं जन्मसाल सगळ्या प्रतींत भोकात गेलं. आजींना नंतर ते कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, की पुस्तकाची ही बाजू फार चांगली आहे.

संध्याकाळी गच्चीवर खुर्च्या मांडल्या. मावशींनाही आग्रहानं बोलावलं होतं. हेडमास्तरांनी प्रास्ताविक केलं आणि फाटकाची कविता म्हटली. मग फायली वाटल्या. पुढच्याच क्षणी गच्चीभर पत्र्याच्या बोंड्या सुटल्याचा आवाज सुरू झाला. सुटी पानं आहेत हे लोकांच्या ध्यानात आलं होतं. चौथ्या मजल्यानं आपली घरं उचलून वर घातली. विमा एजंट पहिल्या नंबरवर गेले. आत्यांनी आपलं पान तीन नंबरपासून काढून थेट पंधराच्या मागे नेऊन ठेवलं आणि समाधानानं फाईल मिटली.

"अहो, क्रम! क्रम!" रेकॉर्डसाहेब ओरडत होते, पण ऐकतो कोण. पाच मिनिटांत चाळीस प्रतींचे चाळीस क्रम झाले, आणि गंमत अशी, की महिनाभर चाललेलं भांडण तिथंच मिटलं. प्रत्येकाच्या पुस्तकात तो स्वतः त्याला हवा तिथं होता.

वहिनी मात्र अजून पानं उलटत होत्या. पुढून एकदा, मागून एकदा.

"अहो, सोळा नंबर कुठाय?"

हे ऐकून शेजारच्या खुर्च्यांनी आपापल्या फायली पाहिल्या. सोळा नंबर कुणाकडेच नव्हता.

"पडलं असेल," कुणीतरी म्हणालं. लोक खुर्च्यांखाली वाकले. डॉक्टरांनी टाकीमागे पाहिलं. "साहेबांच्या हातून पान गहाळ!" सेक्रेटरी म्हणाले, आणि गच्चीवर हसू उठलं. रेकॉर्डसाहेबांचे कान तापले. चौतीस वर्षं जे ऐकावं लागलं नव्हतं ते बायकोदेखत ऐकावं लागत होतं. पण खरं सांगण्यापेक्षा हे परवडलं, म्हणून ते गप्प राहिले.

हेडमास्तरांनी घात केला. "गहाळ नाही!" ते पानं मोजत म्हणाले. "शीर्षकाची दोन, आणि पंधरा घरांची तीस. आकडे एक ते बत्तीस अखंड आहेत. सोळा नंबर छापलाच नाही!"

वहिनींनी नवऱ्याकडे पाहिलं. "मी सही केली होती ना?"

"चौतीस होत नव्हती गं," रेकॉर्डसाहेब म्हणाले. "बत्तीस होत होती. एक घर काढावं लागत होतं. दुसऱ्या कुणाचं काढणार?"

"मग निदान सांगायचं."

त्या एवढंच म्हणाल्या, पण रेकॉर्डसाहेबांना वर पाहवेना. काल कापलेल्या कागदांचं त्यांना जितकं वाईट वाटलं होतं, त्याच्या कितीतरी पट आता वाटलं. गच्चीवर सगळे अवघडून उभे राहिले. मग मागून मावशी बोलल्या.

"अहो, मग घाला की पान! शिवलेलं असतं तर मीसुद्धा घालू शकले नसते. हे तर टॅगाचं आहे. बोंडी काढली की झालं."

"पण मजकूर?" सेक्रेटरी म्हणाले.

वहिनी उठून खाली गेल्या. परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात 'हरकत नाही'ची चिठ्ठी होती, मजकूर जोडलेली. घराकडे राहायची ती दुसरी प्रत. आपली पद्धत शेवटी कामाला आली, असं सेक्रेटरींनी चार वेळा सांगितलं.

रेकॉर्डसाहेबांच्या घरून कोऱ्या कागदांचा रीम आला, मुलांच्या दप्तरांतून पेनं आली. हेडमास्तर कठड्याला टेकून उभे राहिले आणि त्यांनी जन्मभर केलं तेच केलं. "लिहा! उजव्या पानावरून सुरुवात. समास सोडा." पंधरा घरं मांडीवर फाईल ठेवून लिहू लागली. आत्यांकडे पेन नव्हतं. त्यांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, मग समोर न बघता हात पुढे केला, आणि विमा एजंटांनी आपलं दुसरं पेन त्यावर ठेवलं. अकरा वर्षांतला तो पहिला व्यवहार.

हेडमास्तर वाचत होते: "सोळा नंबरमध्ये दोघं राहतात. पैकी एकाला इमारत रेकॉर्डसाहेब म्हणते. दुसरी व्यक्ती अठ्ठावीस वर्षं गच्चीची किल्ली सांभाळते. कुणाच्याही घरी काही झालं, की पहिली बेल सोळा नंबरची वाजते. ती वाजल्यावर मी एकदाही उठलेलो नाही. दार ती उघडते. कुणाचा ताप उतरला, कुणाची परीक्षा बुडाली, कुणाचं कुणाशी बिनसलं, ते दारातल्या बोलण्यातून तिला कळतं आणि जेवताना मला. तेव्हा या पुस्तकातली सगळी माहिती तिची आहे. मी फक्त क्रमांक घातले."

लिहिणारे हात थांबले. मग सात नंबरचं जुळं, जे आता कॉलेजात जात होतं, त्यातला एक म्हणाला, "वहिनी, आमच्या वेळी दवाखान्यात तुम्हीच होतात ना?" आणि जो तो बोलू लागला. कुणी मागच्या पानावर आपल्याकडून दोन ओळी वाढवल्या, कुणी चार. दहा नंबरच्यांनी, सोळा नंबरनं नेलेला नळाचा पाना अद्याप परत आलेला नाही, अशी नोंद केली. वहिनी हसत होत्या आणि मधेच चष्मा पुसत होत्या. या वेळी रेकॉर्डसाहेबांना ते नीट दिसलं.

मग त्यांनी खिशातून लाल पेन काढलं आणि ते एकेका घरापाशी गेले. पान कुठेही लावलेलं असो, उजव्या कोपऱ्यात तेहेतीस, उलटून चौतीस. पंधरा घरं झाली. शेवटी ते आपल्या घराच्या प्रतीपाशी आले. त्यातलं सोळा नंबरचं पान वहिनींच्या अक्षरात होतं, आणि त्यात 'अठ्ठावीस' खोडून वर 'एकोणतीस' लिहिलं होतं, चांगलं ठळक.

"रेकॉर्डप्रमाणे..." रेकॉर्डसाहेबांनी सुरुवात केली, आणि ते थांबले. त्यांनी तेहेतीस घातला. पान उलटून चौतीस घातला. मग पान परत फिरवलं, आणि खाडाखोडीखाली नियमाप्रमाणे सही केली.